आधी कान, मग पाना

“ताई, इंजिन खोलावं लागेल.”

जुनी गाडी सांभाळणाऱ्याला हे वाक्य कधी ना कधी ऐकावंच लागतं. गेल्या वीस वर्षांत मी ते तीन वेळा ऐकलं. तिसऱ्या वेळी ते खरं होतं. पहिल्या दोन्ही वेळा इंजिनाच्या पोटात काहीही बिघडलेलं नव्हतं. एकदा सायलेन्सरच्या वरच्या जोडाचं पॅकिंग गेलं होतं आणि एकदा वॉटर पंपाचं बेअरिंग. त्या दोन वेळा मी घाईने होकार दिला असता, तर बाबांची गाडी आज दारात उभी नसती.

गाडी म्हणजे प्रीमिअर पद्मिनी, १९८८ सालची. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना. बाबा गेल्यावर ती विकून टाकावी असं घरात ठरत आलं होतं. मी ठेवून घेतली. शाळेत मी विज्ञान शिकवत होते, पण इंजिन ऐकायला मला शिकवलं ते आमच्या कराडच्या एका वयस्कर मिस्त्रींनी. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईत टॅक्सींच्या कामात घालवली होती. पत्र्याची शेड, एक खड्डा आणि भिंतीवर ओळीने टांगलेले पाने, एवढंच त्यांचं गॅरेज.

पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, पुढे फियाटच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या आणि सत्तरच्या दशकात या गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. तिचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. तरीही सुटे भाग मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, आणि भागांचा तो झराही आटत चालला. आता पुण्याच्या नाना पेठेत नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला दुकानामागून दुकान पालथं घालावं, तेव्हा एखादं पॅकिंग हाती लागतं. चुकीच्या निदानात पैसे तर जातातच, पण विनाकारण काढलेला चांगला भाग पुन्हा मिळेल याची खात्री आता कोणी देत नाही.

म्हणून हे अनुभवाचे बोल लिहिते आहे. गाडी माझी पद्मिनी असली, तरी यातलं बरंचसं जुन्या मारुती ८०० ला, अ‍ॅम्बेसेडरला, जीपलाही तसंच लागू पडतं.

१. आवाज आला की आधी वही काढा

बॉनेट उघडण्याआधी चार ओळी लिहायच्या. आवाज थंड इंजिनाला येतो की तापल्यावर? गाडी स्लोवर उभी असताना, रेस दिल्यावर, की एक्सिलेटरवरून पाय काढल्यावर? रेस वाढवली की आवाजाचा वेगही वाढतो का? चढावर वाढतो का? क्लच दाबला की बदलतो का?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून रेस द्या. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढला, तर तो इंजिनाचा किंवा त्याला जोडलेल्या वस्तूंचा. उभ्या गाडीत काहीच नाही आणि गाडीचा वेग वाढला की आवाज वाढतो, तर तो चाकांचा, शाफ्टचा किंवा मागच्या डिफरन्शियलचा. एवढ्या एका परीक्षेने अर्धी गाडी संशयातून सुटते.

आवाज नीट ऐकू येत नसेल, तर काच खाली करून लांबलचक कंपाउंडच्या भिंतीकडेने सावकाश गाडी चालवायची. भिंत आवाज परत फेकते आणि मोकळ्या रस्त्यावर न कळणारी कुरकुर स्पष्ट होते.

ही वही मिस्त्रींसमोर ठेवायची. त्यांना “टॅपेट वाजतायत” असं सांगायचं नाही. “सकाळी चालू केल्यावर पाच मिनिटं टिकटिक, मग बंद” असं सांगायचं. निदान आपण सांगितलं की समोरचा माणूस तेवढंच दुरुस्त करून देतो.

२. ऑइल बघितल्याशिवाय एकही तर्क करू नका

सपाट जागेवर गाडी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि बघा. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल, तर आवाजाबद्दलची सगळी चर्चा तिथेच थांबवून आधी ऑइल भरायचं. ऑइल बोटांवर चोळून बघा. पेट्रोलचा वास आला, पाण्यासारखं पातळ लागलं किंवा दुधाळ दिसलं, तर पेट्रोल वा पाणी ऑइलमध्ये उतरतं आहे.

डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा म्हणजे प्रेशरचा दिवा. तो लागतो तेव्हा ऑइल सगळीकडे पोचत नसतं, आणि बेअरिंगमध्ये धातूवर धातू घासायला वेळ लागत नाही. चालत्या गाडीत हा दिवा लागला, तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ असा विचार करायचा नाही. सुरक्षित जागा बघून बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं.

३. सैल वस्तू आधी घट्ट करा

जुन्या गाडीतल्या कितीतरी आवाजांचा इंजिनाशी संबंधच नसतो. बॅटरीची पट्टी, एअर फिल्टरच्या डब्याचा नट, टॅपेट कव्हरचे बोल्ट, सायलेन्सरचा क्लॅम्प, नंबर प्लेट. इंजिनाच्या एका ठरावीक फेरीला यातली एखादी वस्तू थरथरायला लागते आणि खोल कुठेतरी काही तुटलं असावं असं वाटतं.

इंजिन थंड असताना या प्रत्येक वस्तूला हात लावून हलवून बघा. मग इंजिनाचे माउंटिंग बघा. रबर फाटलं असेल, तर गाडी सुरू होताना आणि बंद करताना इंजिन एकदम कलंडतं आणि धप्प असा ठोका येतो. फाटलेलं रबर डोळ्यांना दिसतं. त्यासाठी इंजिन खोलणारा मिस्त्री भेटला, तर गाडी घेऊन परत यावं.

४. पट्टा काढून बघा

मला दुसऱ्यांदा “इंजिन खोला” असं सांगितलं गेलं, ते घरघरीसाठी. जात्याचा पाळू फिरावा तसा जड, खरखरीत आवाज, रेसबरोबर वाढणारा. एका गॅरेजमध्ये क्रँकचं मेन बेअरिंग गेल्याचं निदान झालं, खर्चाचा आकडाही कागदावर लिहून मिळाला. तो कागद घेऊन मी आमच्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी काही न बोलता फॅन बेल्ट सैल करून काढला आणि म्हणाले, “आता लावा चालू.”

घरघर नव्हती.

पट्टा फिरवतो वॉटर पंप आणि अल्टरनेटर. पट्टा काढल्यावर आवाज गेला, तर दोषी त्या दोघांतला एक. मिस्त्रींनी इंजिन बंद करून दोन्ही पुली हाताने फिरवून दाखवल्या. अल्टरनेटरची गुळगुळीत फिरली. पंपाची बोटांना खडबडीत लागली, आणि पंखा धरून हलवला तेव्हा पुढेमागे डुलत होता. पंप बदलला, अर्ध्या दिवसात काम झालं.

पट्टा काढून इंजिन अर्ध्या-एक मिनिटापेक्षा जास्त चालवायचं नाही, कारण त्या वेळी पाणी फिरत नसतं. चिरका, कानात घुसणारा आवाज असेल, तर त्याहून सोपी परीक्षा आहे: चालू इंजिनाच्या पट्ट्यावर लांबून थोडं पाणी शिंपडा. आवाज क्षणभर गेला किंवा बदलला, तर पट्टा सैल, झिजलेला किंवा चकाकलेला आहे. मारुती ८०० मध्ये मात्र टायमिंग बेल्ट वेगळा असतो, तो इंजिनाच्या तोंडाशी झाकणाआड. त्याला या परीक्षेत हात लावायचा नाही.

५. लांब स्क्रूड्रायव्हर हा इंजिनाचा स्टेथोस्कोप

१८१६ मध्ये पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि तिचं दुसरं टोक कानाला. स्टेथोस्कोपची सुरुवात तिथून झाली. घन पदार्थातून आवाज हवेपेक्षा चांगला वाहतो, हा धडा मी मुलांना वर्गात शिकवायचे. गॅरेजमध्ये तो रोज वापरला जातो.

दीड-दोन फुटी स्क्रूड्रायव्हर घ्या. टोक इंजिनाच्या एखाद्या घट्ट भागावर टेका, मूठ कानामागच्या हाडाला लावा. टॅपेट कव्हर, पंपाचं अंग, अल्टरनेटरचं अंग, ब्लॉकचा खालचा भाग, टायमिंग चेनचं झाकण असं एकेका ठिकाणी ऐकत जा. जिथे आवाज धारदार आणि जवळचा वाटतो, तिथे तो जन्मतो. बाकी ठिकाणी तो पाहुणा असतो. इंजिनाच्या वरच्या अर्ध्यात मोठा ऐकू आला तर व्हॉल्व्हकडचा, खाली ऑइलच्या डब्याजवळ मोठा ऐकू आला तर क्रँककडचा.

फुसफुस किंवा शीळ असेल, तर स्क्रूड्रायव्हर निरुपयोगी. तिथे हातभर रबरी नळी एका कानाला लावायची आणि दुसरं टोक जोडांवरून फिरवायचं. हवा जिथून ओढली जाते किंवा बाहेर पडते, तिथे नळीत सूं असा आवाज स्पष्ट येतो. कार्बोरेटरखालचं पॅकिंग माझ्याकडे असंच सापडलं.

एक गोष्ट इथे काळजापासून सांगते. फिरता पंखा आणि पट्टा कोणाची गय करत नाहीत. साडीचा पदर, ओढणी, मफलर, मोकळे केस, बांगड्या, सैल बाही यांपैकी काहीही अंगावर असताना चालू इंजिनावर वाकायचं नाही. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी मला ओढणी काढून सीटवर ठेवायला लावली आणि मगच स्क्रूड्रायव्हर हातात दिला. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मोकळी हवा, हेही तितकंच सक्तीचं. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून आवाज ऐकणं जिवावर बेततं.

६. टिकटिक मोजायला शिका

पेट्रोलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमशाफ्टची एक फेरी होते. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर स्लो चालत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा उघडतो. एखादा टॅपेट सैल असेल, तर त्याची टिकटिकही त्याच तालात येते. क्रँकच्या बाजूचा दोष बहुधा त्याच्या दुप्पट वेगाने, प्रत्येक फेरीला वाजतो.

सेकंदाला सहा आणि सेकंदाला तेरा यांतला फरक कानाने पकडणं सुरुवातीला जड जातं. टायमिंग लाइट मदतीला येतो. तो एक नंबर प्लगच्या वायरला लावला की दोन फेऱ्यांत एकदा लुकलुकतो. टिकटिक आणि लुकलुक जोडीने चालली, तर आवाज कॅमच्या चालीचा. एका लुकलुकीत दोन ठोके पडले, तर क्रँककडे बघा.

पण त्याच चालीची टिकटिक आणखी एक चोर काढतो. मला पहिल्यांदा “इंजिन खोला” असं सांगितलं गेलं ते याच आवाजावर. टॅपेट दोनदा सेट करून झाले तरी रोज सकाळी टिकटिक यायचीच, पाच-सात मिनिटांनी जायची. मिस्त्रींनी टॉर्च घेऊन एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडावरून बोट फिरवलं. तीन नंबरच्या सिलिंडरजवळ काजळाचा पट्टा बोटाला लागला. पॅकिंग जळून तिथून धूर सुटत होता. प्रत्येक स्फोटानंतर गरम वायू त्या फटीतून टक् करून निसटायचा. इंजिन तापलं की धातू प्रसरण पावून फट मिटायची, म्हणून आवाज जायचा.

खात्री करायला थंड इंजिन चालू करून सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओलं फडकं क्षणभर धरायचं. आतला दाब वाढतो आणि गळतीचा आवाज मोठा होतो. टॅपेटच्या आवाजावर फडक्याचा काहीच परिणाम होत नाही. एका पॅकिंगसाठी माझं सिलिंडर हेड उतरवलं जाणार होतं.

७. टॅपेट स्वतः सेट करून बघा, निदान एकदा

इंजिनाची ओळख करून घ्यायची असेल, तर टॅपेट सेट करण्याइतकं चांगलं काम नाही. रविवारची सकाळ, रात्रभर थंड झालेलं इंजिन. पद्मिनीचं टॅपेट कव्हर नट काढले की हातात येतं. खाली रॉकर शाफ्टवर आठ रॉकर ओळीने बसलेले, ऑइलने मधाच्या रंगाचे.

चारही प्लग काढून ठेवले की इंजिन हाताने सहज फिरतं. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे एक आणि चार जोडीदार, दोन आणि तीन जोडीदार. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलताना दिसतात, एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय, तेव्हा एक नंबरचे दोन्ही पूर्ण बंद असतात. त्या वेळी एकचे टॅपेट सेट करायचे. मग पुढे फिरवत दोनला बघून तीन, एकला बघून चार, तीनला बघून दोन.

किती फट ठेवायची ते कंपनीच्या पुस्तकात बघायचं. इनलेट आणि एक्झॉस्टचं माप वेगळं असू शकतं, थंड आणि गरम इंजिनाचंही. त्या मापाची फिलर गेजची पाती रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे सरकवायची. पाती अडकू नये आणि मोकळी खेळूही नये. पुस्तकाच्या पानांत दाबलेला कागद ओढताना हाताला जशी किंचित ओढ लागते, तशी ओढ लागली पाहिजे. मग स्क्रू जागेवर धरून लॉक नट आवळायचा आणि पाती पुन्हा घालून बघायची, कारण नट आवळताना माप हमखास हलतं.

पहिल्या वेळी आठांपैकी पाच मला पुन्हा करावे लागले. मी आवाज अजिबात येऊ नये म्हणून फट कमी ठेवत होते. मिस्त्रींनी मला थांबवलं. “बोलणारा टॅपेट चालेल ताई, मुका नको.” कारण साधं आहे. व्हॉल्व्ह सीटवर टेकलेला असतो तेवढ्याच वेळात तो आपली बरीचशी उष्णता हेडला देतो. फट फार कमी असेल, तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, ज्वाळा त्या फटीतून निघते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. जुन्या इंजिनातली हलकी, सारखी टिकटिक हा त्याचा स्वभाव आहे. एकाच ठिकाणाहून येणारी वेगळी टिकटिक हा दोष.

८. चढावरची खडखड वेगळी

वरच्या गिअरमध्ये चढ लागला, एक्सिलेटर दाबला आणि डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला, तर आपल्याकडे त्याला नॉकिंग म्हणतात. ही झीज नसते. सिलिंडरमधलं पेट्रोल एका टोकाकडून क्रमाने जळत जायला हवं, ते एकदम पेट घेतं. टायमिंग फार पुढे, डोक्यात साचलेला कार्बन, तापलेलं इंजिन, चुकीच्या हीट रेंजचा प्लग, मिश्रणात पेट्रोल कमी, यातलं काहीही कारण असू शकतं.

त्या क्षणी करायचं ते एकच: पाय उचला आणि खालचा गिअर टाका. घरी आल्यावर टायमिंग तपासून घ्या. हा आवाज महिनोन्‌महिने तसाच चालू दिला, तर पिस्टनचा माथा पोखरला जातो, रिंगांच्या मधलं पिस्टन तुटतं, आणि मग इंजिन खरोखरच खोलावं लागतं.

९. जड ठोका आला की गाडी तिथेच उभी करा

चिपळूणहून परत येत होतो. पोफळी मागे टाकली, कुंभार्ली घाट चढून वर कोयनेच्या बाजूला आलो. सपाटीवर पाय हलका केला आणि खालून आवाज आला. ठक्-ठक्-ठक्, दबका, जड, लाकडी मोगरीने कोणीतरी खालून पत्रा ठोकतंय तसा. एक्सिलेटर दाबला की कमी व्हायचा, सैल सोडला की उठून यायचा. स्लोवर ऑइलचा दिवा मिणमिणत होता.

कराड अजून पन्नास-साठ किलोमीटर होतं. बरोबर माझी बहीण आणि तिची मुलं, दिवस मावळायला आलेला. हळूहळू जाऊ, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. मी इंजिन बंद केलं. मुलं एसटीने घरी गेली, मी आणि बहीण टो करणाऱ्या गाडीची वाट बघत थांबलो. रात्री अकराला कराडला पोचलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी एकेका प्लगची ठिणगी तोडून बघितली. पॉइंट-कॉइलच्या जुन्या गाडीत हे करता येतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत वायर अशी उघडी सोडू नये, कॉइल किंवा मॉड्यूल जातं. एक, दोन, फरक नाही. तीन नंबरची ठिणगी तोडली आणि ठोका जवळजवळ गेला. त्या सिलिंडरवरचा स्फोटाचा दाब गेला की त्याच्या कनेक्टिंग रॉडचं सैल बेअरिंग आपटत नाही. इंजिनाला हात न लावता दोष एका सिलिंडरवर आला.

हे माझं तिसरं “इंजिन खोलावं लागेल”, आणि या वेळी ते मिस्त्रींच्या तोंडून आलं. ऑइलचा डबा उतरवला, तीन नंबरच्या रॉडची टोपी काढली. बेअरिंगच्या वाटीचा करडा थर घासून गेला होता आणि खालचं तांबं उघडं पडलं होतं. मिस्त्रींनी क्रँकच्या पिनवरून नख फिरवलं, मलाही फिरवायला सांगितलं. नख कुठेही अडकलं नाही. पिन शाबूत होती. ऑइल पंपाची जाळी मात्र काळ्या गाळाने अर्धी बुजली होती. त्या वर्षी मी ऑइल बदलायला चार महिने उशीर केला होता, त्याचा तो गाळ.

चारही रॉडला नव्या वाट्या, जाळी साफ, नवं ऑइल, नवं फिल्टर. आणखी पन्नास किलोमीटर ओढली असती, तर क्रँकच्या पिनवर चरे पडले असते. मग क्रँक काढून लेथवर दहा थाउने (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासायचा, कमी मापाच्या वाट्या शोधायच्या, आणि जास्तच चरे असतील तर वीस थाउने. पद्मिनीच्या कमी मापाच्या वाट्या आज कुठे शोधायच्या?

१०. क्लचचं पेडलही निदान करतं

गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. क्लच पूर्ण दाबा. दाबल्यावर कुरकुर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर आवाज थांबला आणि सोडल्यावर परत आला, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. अर्ध्या मिनिटाची ही परीक्षा इंजिनाला संशयातून सोडवते. ती केल्याशिवाय खालून येणाऱ्या कोणत्याही घरघरीला इंजिनाचा आवाज म्हणू नका.

११. आवाज झाकू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला

जाड ऑइल घातलं की ठोका दबतो. बाजारात डब्यातून मिळणारी घट्ट औषधंही तेच करतात. गाडी विकणाऱ्याला ते सोयीचं पडत असेल. चालवणाऱ्याच्या हातून मात्र इशारा निघून जातो, आणि थंड सकाळी ते जाड ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचतं. पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला.

आणि प्लग, पॉइंट, टायमिंग, टॅपेट, सगळं एकाच दिवशी बदलू नका. आवाज गेला तरी कशाने गेला ते कळत नाही, आणि महिन्याने परत आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एक बदल करा, दोन दिवस चालवा, वहीत लिहा. बदललेला जुना भाग गॅरेजमधून मागून घ्या आणि हातात घेऊन बघा. माझ्या कपाटात तांबं उघडं पडलेली ती वाटी अजून आहे.

१२. निरोगी आवाज आधी पाठ करा

बाबा रोज सकाळी गाडी चालू करून दोन मिनिटं बॉनेट उघडून उभे राहायचे. त्यांना यंत्रातलं फारसं कळत नव्हतं. पण बिघडलेला आवाज घरात सगळ्यात आधी त्यांनाच कळायचा, कारण चांगला आवाज त्यांना पाठ होता. कुंभार्लीच्या त्या संध्याकाळी मी पहिल्या दहा ठोक्यांत गाडी थांबवली, ती मीही वर्षानुवर्षं तशीच उभी राहत आले म्हणून.

तुमच्या दारात जुनी गाडी असेल, तर तिच्यात काही बिघडण्याची वाट बघू नका. उद्या सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडा, पंख्यापासून लांब उभे राहा आणि ते तापेपर्यंत ऐका. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून तारीख घालून ठेवा. पुढे कोणी “इंजिन खोलावं लागेल” म्हणालं, तर आधी तो आवाज काढून ऐकवा आणि विचारा, यात काय बदललं?

आमच्या पद्मिनीचा क्रँक १९८८ पासून आजवर एकदाही लेथवर चढलेला नाही.